वरच्या पदरातली पिन

लग्नाला नऊ दिवस झाले होते आणि नवरी इश्बेल काळे कपडे घालून एफी मॅकफेलच्या दारात उभी होती. हातातल्या पिशवीत बापाचा किल्ट, म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा लोकरी घागरा, होता.

"एफीमावशी, एवढंच सांगा. बाबा माझ्या लग्नाला आले होते का?"

एफीने तीस वर्षं ओबान गावात किल्ट शिवले. आता ती लोकांच्या लपवाछपवीची शिवण उसवते. इश्बेलचा बाप टॉर्कविल लग्नाच्या दुपारी समुद्राकाठच्या वळणावर स्कूटरवरून पडून मेला. वाऱ्याने किल्ट तोंडावर उडाला, असं पोलिसांचं म्हणणं. वळण त्याच्या घराच्या आणि लग्नाच्या हॉलच्या बरोबर मध्ये. स्कूटर गरगरत गेली, त्यामुळे तो येत होता की जात होता, कुणाला सांगता येईना.

"प्यायला असेल," एफीचा सोबती डूगल म्हणाला. हा निवृत्त पोस्टमन, मनाने चांगला, पण जिभेला हाड नाही. "पोराच्या लग्नात नाही का आडवा झाला होता!"

"म्हणून तर लग्नात बॅगपाइप वाजवायला मी बाबांऐवजी दुसरा पाइपवाला ठरवला," इश्बेल खाली बघत म्हणाली. "त्यांना न सांगता. आणि आज पोलिसांचा अहवाल आलाय. थेंबभरही दारू नव्हती."



एफीने किल्ट उलगडला, पुढे एकावर एक येणारे त्याचे दोन्ही पदर पसरले. "माझ्या कापडाची काय चाळण केलीय बघ! पिन फक्त वरच्या पदराला लावतात. टॉर्कविल दोन्ही पदरांतून टोचायचा."

"स्कूटरवर वारा लागतो ना. उतरलं की सोडवून नीट लावायचे," इश्बेल म्हणाली.

आत्ता पिन वरच्याच पदरात होती, अगदी सरळ.

"पडताना निसटली असेल," डूगल म्हणाला.

"मग कापड फाटलं असतं, डूगल. एक धागा तरी निघालाय का?"

एफी आणि डूगल आधी टॉर्कविलच्या शेजारणीकडे, पेगीकडे गेले.

"मीच टोचून दिली ती पिन, दोन्ही पदरांतून," पेगी म्हणाली. "सात आठवडे झाले होते दारू सोडून, हात नुसते लटलटायचे. म्हटलं, जा आता, रस्ताभर दर्शन देऊ नकोस मेल्या!" ती हसली आणि मग रडायलाच लागली.

पाइपवाला गिलीस म्हणाला, "नवरीची गाडी दिसली तसा मी हॉलच्या दारात सूर धरला. म्हातारा मी नाही पाहिला. पण गेटवर तासभर रॉरी एकटाच उभा होता. त्याला चुकवून मांजरही आलं नसतं."

रॉरी म्हणजे इश्बेलचा थोरला भाऊ. "बाबा आलेच नाहीत," तो म्हणाला. "उगाच उकरू नका."

संध्याकाळी एफीने भावाबहिणीला स्वयंपाकघरात बसवलं. चहा कुणी घेतला नाही.

"टॉर्कविल निघाला तेव्हा पिन दोन्ही पदरांत होती. मेला तेव्हा एकात. म्हणजे मधे तो कुठेतरी उतरला, मान्य?"

"मान्य," डूगल म्हणाला.

"पिन एका फटक्यात सरळ बसलीय. लटलटत्या हाताने ती बसत नाही. कुणीतरी लावून दिली. एवढा नटूनथटून तो लग्नाखेरीज कुठे उतरणार? आणि गेटवर एकच माणूस होता." ती रॉरीकडे वळली. "तुझ्या बापाची पिन तू लावलीस, बाळा."



"लावली," रॉरी म्हणाला. "बाबा झकास दिसत होते. तेवढ्यात हॉलच्या दारातून गिलीसचा पाइप वाजला. त्यांनी ऐकलं. म्हणाले, 'चांगला वाजवतोय, वाजवू दे. आणि तिला सांगू नकोस मी आलो होतो.' जाताना पुन्हा दोन्ही पदरांतून टोचायला हवी होती. मला सुचलंच नाही गं."

"तू खोटं का बोललास?" इश्बेलने विचारलं.

"पाइपवाला तू ठरवला होतास म्हणून. तो ऐकून ते मागे फिरले, हे तुला कसं सांगणार?"

इश्बेलने पुढे विचारलं, "ते लगेच गेले?"

"नाही. तू गाडीतून उतरलीस तेव्हा भिंतीआड उभे होते. तुझ्या नजरेला पडायचं नव्हतं त्यांना."

"मी उतरल्यावर आधी गेटकडेच पाहिलं, रॉरी," इश्बेल म्हणाली. "बाबा आलेत का ते बघायला."