मूठ मिटलीच नाही

ही गोष्ट खरी आहे. पटवून घ्यायची की नाही, ते तुमचं तुम्ही बघा. मला ज्याने सांगितली तो आयुष्यात कधी फेकाफेक करणारा नव्हता, उलट जरा जास्तच रुक्ष होता.

गाव तोंडवली, मालवण तालुका. साल १९६३. पितृपक्षातल्या तिन्हीसांजा.

माणूस म्हणजे माझ्या वडिलांचा मावसभाऊ, गुरुदास. मी त्याला गुरुकाका म्हणायचो, पण तेव्हा तो पस्तिशीचाही नव्हता. म्हणून इथे नुसतं गुरुदासच म्हणतो.

त्याचं काम गावात कुणाला नीट समजलं नव्हतं. मालवणात एका गोवेकर मास्तरांकडे तो व्हायोलिन शिकला, मग मुंबईला गेला, तिथून शिष्यवृत्तीवर थेट जर्मनीला. तिथे तो वाद्यवृंद चालवायचा. तोही आजकालचा नाही. अडीचशे-तीनशे वर्षांपूर्वीचं संगीत, त्याला बरोक म्हणतात, आणि त्या काळातली गाऊन करायची नाटकं. तिकडचा दशावतारच म्हणा, फक्त बघणारे कोट घालून बसतात.

"म्हणजे तू वाजवतंस काय?" असं गावात कुणी विचारलं की तो म्हणायचा, मी हात हलवतो. लोक हसायचे. हात हलवण्याचा पगार देणारा मुलूख बघायला हवा, म्हणायचे.

त्या वर्षी तो वडिलांच्या म्हाळासाठी, म्हणजे पितृपक्षातल्या श्राद्धासाठी, आला होता. दिवाळीनंतर तिकडे त्याचं पहिलं मोठं नाटक होतं. ते उभं राहिलं तर नाटकघरातली कायमची जागा मिळणार होती. पडलं तर चंबूगबाळं आवरून परत.

पण घरात त्याहून मोठी गोष्ट होती.

त्याचा धाकटा भाऊ लवू चार वर्षांपूर्वी होडीसकट समुद्रात गेला होता. प्रेत मिळालं नाही. गुरुदास तेव्हा येऊ शकला नव्हता. आणि त्यांची आई, गाव तिला सुगंधाकाकी म्हणायचं, लवू गेला हे मान्यच करत नव्हती. म्हाळाला तिने लवूच्या नावाने पान वाढू दिलं नाही. जेवायची नाही, बोलायची नाही. दाराकडे तोंड करून बसायची.

म्हाळ झाला. पाहुणे गेले. जेवणाचे पाट ओटीवर तसेच पडले होते.

गुरुदासला सराव करायचा होता. त्याची एक पद्धत होती. वादक नसले की तो रिकाम्या खुर्च्या मांडायचा. इथे व्हायोलिनवाले, इथे बासरी, तिकडे कोपऱ्यात मोठी तंतुवाद्यं. कुणाला कधी खूण करायची ते हाताला आणि डोळ्याला पाठ व्हावं म्हणून.

घरात खुर्ची एकच होती. म्हणून त्याने पाट मांडले.

पितृपक्षात. तिन्हीसांजेला. पाट मांडले, आणि एकेका पाटाकडे बघून हाताने खूण करून बोलावलं. हे कोकणातल्या माणसाला सुचू नये. पण तिकडे राहून तो विसरला होता.

प्रवेश होता समुद्रातल्या वादळाचा.

त्याने हात वर केला...

आणि समोर कुणीतरी श्वास घेतला.

आता हे समजून घ्या. हात वर गेला की वाजवायच्या आधी सगळे वादक एकदम श्वास घेतात. तो आवाज गुरुदासने हजारदा ऐकला होता. ओळखायला चूक होणं शक्य नव्हतं.

पण समोर फक्त पाट होते.

वारा असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. पुन्हा हात वर केला...

पुन्हा श्वास. दाराजवळच्या पाटावरून. जड, ओला. छातीत पाणी असल्यासारखा.

आणि बाहेर समुद्राचा आवाज थांबला होता.

तोंडवलीत समुद्राचा आवाज थांबत नाही. झोपेतसुद्धा नाही. त्या क्षणी मात्र काहीही ऐकू येत नव्हतं. गुरुदास मागे सरकला, आणि कुणाला तरी धडकला.

आई होती. चुलीपुढून उठून आली होती. किती दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर रंग दिसत होता.

"परत हात वर कर," ती म्हणाली. "तो माझो लवू. मी तेची आवस, माका कळाचा नाय?"

गुरुदासने नाही म्हटलं. भास आहे, म्हणाला. पण त्या दिवशी ती पोटभर जेवली.

त्यामुळे दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा हात वर केला. मी त्याला दोष देत नाही. आई जेवत असेल तर तुम्हीही केला असता.

मग रोजचंच झालं. दिवेलागण झाली की आई स्वतः पाट मांडायची. गुरुदास हात वर करायचा. तो ओला श्वास यायचा. आई त्या पाटाशेजारी बसून हळूहळू बोलत राहायची. घरचं, शेजारचं, माडांचं. गुरुदासचा खांदा भरून यायचा आणि हात आपसूक खाली यायचा.

सकाळी पाट उचलायला जावं तर...

खाली ओल असायची. बोट लावून त्याने एकदा चाखलं. खारट.

आणि मग एका संध्याकाळी श्वास एक नव्हता. दोन पाटांवरून आला. त्याच्या पुढच्या दिवशी, सगळ्या पाटांवरून. त्या होडीत लवू एकटा नव्हता, हे गुरुदासला तेव्हा आठवलं.

त्याची शेजारीण तुळसाकाकी. तिला कुठून तरी कुणकुण लागली. तिने त्याला विहिरीवर गाठलं आणि चांगलंच फैलावर घेतलं. एवढा शिकलास आणि म्हाळाच्या दिवसांत पाट मांडून कुणाला बोलावतोस, म्हणाली. मग आवाज खाली आणून बोलली.

"बोलावलंस, तसा पोचवूक होया. उद्या सर्वपित्री. उद्याच धाडून दी. नायतर ते थंयच रवतले."

धाडायचं कसं, हे गुरुदासला सांगायची गरज नव्हती. संगीत संपवायचं झालं की तो हवेत मूठ मिटायचा. मूठ मिटली की सगळं थांबतं. इतक्या दिवसांत त्याने ती एकदाही मिटली नव्हती.

अमावास्येला दिवेलागणीला आईने पाट मांडले. त्या दिवशी ती नवं लुगडं नेसली होती.

गुरुदासने हात वर केला...

सगळ्या ओटीने श्वास घेतला.

समुद्र गप्प. रातकिडे गप्प. कंदिलाची ज्योतसुद्धा हलत नव्हती. आणि ते सगळे, जे कोण होते ते, श्वास रोखून त्याच्या हाताकडे बघत होते. हे त्याला दिसलं नाही. पण आपल्याकडे वादक बघताहेत हे वाद्यवृंद चालवणाऱ्याला पाठमोरंही कळतं, तो म्हणायचा.

तो बोटं मिटायला लागला.

आईने झडप घातली. त्याच्या उघड्या तळहातात तिने आपली चार बोटं घातली आणि घट्ट धरली. मूठ मिटेना.

"नको रे. तुझा आयकता तो. माझा कदीच आयकूक नाय. तेका धाडू नको."

हिसडा दिला असता तर हात सुटला असता. सत्तरीच्या जवळची बाई ती, तिच्यात जोर तो किती असणार. पण गुरुदासला हिसडा देववेना. लवू गेला तेव्हा मी आलो नाही, आता मीच त्याला घालवू कसा, एवढंच त्याच्या मनात होतं. तो तसाच उभा राहिला आणि रडला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस.टी.ने तो निघाला. आई दारापर्यंत आली नाही. ती ओटीवर बसली होती. आपला हात वर धरून बघत होती, गुरुदास धरायचा अगदी तसाच.

नाटक गाजलं. वादळाच्या प्रवेशाला लोक उठून उभे राहिले. जागा कायम झाली. पण त्या प्रयोगात शेवटी त्याने मूठ मिटली, चाळीस माणसं एकदम थांबली...

आणि एक श्वास चालूच राहिला.

त्यानंतर प्रत्येक प्रयोगाला तसंच. इतर कुणालाही ऐकू यायचा नाही. वर्तमानपत्रं लिहायची की याच्यासारखी शांतता दुसरा कुणी निर्माण करत नाही. तो ते वाचायचा आणि दिवा चालू ठेवून झोपायचा.

पुढच्या पावसाळ्यात तार आली. या वेळीही तो पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. कसं काय झालं ते तुळसाकाकीने सांगितलं. सुगंधाकाकी वर्षभर रोज तिन्हीसांजेला पाट मांडून बसायची. सापडली तीही तशीच, दाराजवळच्या पाटाशेजारी. लुगडं ओलंचिंब होतं, आणि ओटी कोरडी होती. हात वर होता, बोटं उघडी. चार बायकांनी जोर लावला, तरी तो खाली आला नाही. तसंच न्यावं लागलं.

हे सगळं काकाने मला एकदाच सांगितलं, म्हातारपणी, शेवटचा आला होता तेव्हा. आम्ही त्याच ओटीवर बसलो होतो. मी आपला शहाणपणा केला. म्हटलं, काका, मग आता तरी इथे, याच ओटीवर, मूठ मिटून टाक. सुटतील सगळे, तूही सुटशील.

त्याने दाराकडे, जिथे तो पाट असायचा तिकडे, मान केली.

"आता थंय आयपण आसा," तो म्हणाला. "मूठ मिटली तर तीपण जातली."

आणि हात त्याने खिशात घातला.

काका दोन वर्षांपूर्वी तिकडेच वारला. घराची किल्ली माझ्याकडे आहे. मी दिवसा जातो, झाडलोट करतो, ऊन उतरायच्या आत निघतो.

मागच्या पितृपक्षात मात्र उशीर झाला. कुलूप लावत होतो...

समुद्राचा आवाज थांबला.

मी वळून बघितलं नाही. पण आत कितीतरी जण श्वास रोखून वाट बघत होते, एवढं मी शपथेवर सांगतो. मूठ मिटायची कशी हे मला माहीत नाही. आणि ज्याला माहीत होतं तो, मला वाटतं, आता त्यांच्यातच बसलाय.