डावखुरा जिग

आमच्या कारखान्यात ताप मोजायच्या यंत्रांचे छोटे डिस्प्ले जोडतात. काच आणि खालची चौकट एकमेकींवर नेमकी बसावी म्हणून दोन्हींना धरून ठेवणारा साचा, म्हणजे जिग, आखायचं काम माझं. एका टेबलावरच्या काचा सारख्या केसभर तिरक्या येत होत्या, म्हणून मी खाली हॉलमध्ये गेले.

तिथे एक जण कोपर वाकडं करून, जवळजवळ भिंतीकडे तोंड फिरवून बसला होता.

"असे उलटे का बसलात?"

"मी सरळच आहे, मॅडम. तुमचा जिग उलटा आहे."

चिमटा त्याच्या डाव्या हातात होता. माझ्या साऱ्या हिशेबात डावा हात कुठेच नव्हता.

मी त्याच्यासाठी आरशातल्यासारखा उलटा जिग करून घेतला. तिरक्या काचा थांबल्या. माझं खाली जाणं मात्र थांबलं नाही. रोज काही ना काही तपासायचं निघायचं... एकदा मान वर न करता तो म्हणाला, "जिग ठणठणीत आहे. तुमचं काय?" शेजारच्या मावशी फिसकन हसल्या. मी गडबडून काचेवरची धूळ तोंडाने फुंकली — जे त्या हॉलमध्ये कुणीही करत नाही. तोंडाच्या वाफेने ती काच वाया गेली. त्याने ती फेकली नाही, खिशात टाकली.

मग त्याचे मेहुणे अचानक गेले. ताईच्या पदरी दोन लहान पोरं, दुकानाला कुलूप. त्याला तिच्या गावी जावं लागणार होतं. माझी आई अंथरुणाला खिळलेली. मी कुठे जाऊ शकत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

शेवटच्या दिवशी त्याने मला आपल्या स्टुलावर बसवलं. एक तरी काच लावून बघा म्हणाला. डाव्या हातातला चिमटा थरथरायला लागला, तेव्हा त्याने माझ्या मनगटाखाली एक बोट धरलं — अगदी हलकं.

"थांब म्हणा... थांबेन मी."

शब्द ओठांवर आला होता. पण ताईची धाकटी फोनवर 'मामा, कधी येणार?' विचारायची, ते मी रोज ऐकत होते.

"जा तू," मी म्हणाले. "पोरं वाट बघतायत."

त्याने बोट काढून घेतलं. काच तिरकी बसली.

पुढे सुपरवायझर म्हणाले, डावखुरं आता कुणी नाही, तो जिग भंगारात देऊ. मी राहू द्या म्हटलं. जेवणाच्या सुट्टीत हॉल रिकामा झाला की त्या स्टुलावर बसते, चिमटा डाव्या हातात घेते. काच आता सरळ बसते... मनगट तेवढं अजून अधांतरी वाटतं.