टोकाच्या अलीकडे

रजेचा शेवटचा दिवस घरात लोळून काढायचा नाही, असं तिच्या नवऱ्यानं ठरवलं आणि गावामागच्या डोंगरधारेवर सगळ्यांनी मिळून जायचा बेत शिजला. तो जहाजावर मेकॅनिक. घरी यायचा तो पाहुण्यासारखा, आणि परवा पुन्हा निघणार होता. बेकरीच्या मागच्या खोलीत, मैदा भुरभुरलेल्या टेबलावर त्यानं बोटानंच रेघ ओढली.

"ही धार. हे टोक. टोकावरून समुद्र दिसतो! आबांनी मला लहानपणी खांद्यावर बसवून नेलं होतं. डोळे मिटून चालावं अशी वाट आहे."

"आणि आबांचे गुडघे?" पाव ट्रेमध्ये लावता लावता तिनं विचारलं. बेकरी तीच चालवायची. घर, सासरे आणि लेक ठमी यांनाही तीच सांभाळायची.

"माझे गुडघे माझ्याजवळच आहेत, सूनबाई," आबा म्हणाले. "तू तुझे पाव बघ, करपतील!"

ठमी खुदकन हसली आणि त्या हसण्यापुढं आईचा विरोध विरघळला.

सकाळी आभाळ लख्ख होतं. धार खरोखरच देखणी होती. एका अंगाला गावातली घरं काड्यापेट्या मांडल्यासारखी, दुसऱ्या अंगाला काळसर झाडीची खोल दरी, आणि मधून कमरेएवढ्या गवतातून वळणं घेत गेलेली पायवाट. ठमीची बडबड अखंड चालू होती. बापाला वर्षभराचं उरलंसुरलं सगळं एका दिवसात सांगायचं होतं ना!

मग दरीतून ढग वर आला. गुपचूप, चोरपावलांनी. बघता बघता गाव पुसलं गेलं, झाडी पुसली गेली. आणि पायवाट एकाएकी तुटली! समोर डोंगराचा लचकाच निघून खाली गेला होता. उरली होती नुसती भुसभुशीत माती.

"परत फिरू या," ती म्हणाली.

"अगं, टोक हाकेच्या अंतरावर आहे. खालच्या गवतातून वळसा घालू."

"अहो, काही दिसत नाहीये!"

"उद्या मी जाणार. मग पुन्हा कधी?"

त्याच्या आवाजातलं ते आर्जव तिला मोडवेना. ती त्याच्यामागं गवतात उतरली.

गवत चिंब होतं. आबांची काठी मातीत रुतली, निसटली. "अगं आई!" एवढंच ऐकू आलं आणि आबा घसरले! गवतानं त्यांना गिळूनच टाकलं. नवऱ्यानं मागचापुढचा विचार न करता खाली झेप घेतली. खडकावर आपटला. घोटा कटकन वाजला! खडकाला मिठी मारून तो तिथंच कळवळत राहिला.

"आबा!"

ती उतारावर वाकून पुन्हा ओरडली.

"आबा!"

ढगाच्या पोटातून क्षीण आवाज आला, "झुडूप धरलंय, पोरी... मुळं सुटतायत."

मोबाइलला रेंज नाही. मदत आणायला धावत गेलं तरी परत येईपर्यंत झुडूप टिकणार नाही. करायचं ते आत्ताच, आणि तिनंच! तिनं बसायला आणलेली चादर पिळून दोर केला. नवऱ्याच्या खडकापाशी उतरून ती पालथी पडली.

"माझे पाय धरा. काही झालं तरी सोडू नका!"

पण आबा नेमके कुठं? ढगात आवाज चहूकडून येत होता.

"ठमे, वरच थांब आणि आजोबांशी बोलत राहा. त्यांनाही बोलतं ठेव!"

"काय बोलू?"

"काहीही!"

ठमी हुंदके देत पाढे म्हणू लागली. सतराला अडली. "सतरा सत्ते... सतरा सत्ते..."

"एकशे एकोणीस!" खालून आवाज आला. डावीकडून!

तिनं चादर डावीकडं भिरकावली. रिकामी. पुन्हा! रिकामीच. पुन्हा! आणि दोराला हिसका बसला. तिनं ओढलं. रोज मणभर कणीक तिंबणारे तिचे हातही कमी पडू लागले. चादर टरकन फाटू लागली.

"सोड, पोरी," आबा म्हणाले. "ठमीकडं बघ."

"गप्प बसा हो तुम्ही!" आयुष्यात पहिल्यांदा ती सासऱ्यांवर ओरडली. "पाय रोवा! वर या!"

नवरा दात आवळून तिला मागं खेचत होता. एक वीत. आणखी एक. गवतातून पांढरं डोकं दिसलं. तिनं कॉलर धरली आणि सगळा जीव एकवटून ओढलं. आबा वर आले! ते येऊन तिच्या अंगावरच कोसळले.

त्याच वेळी ढग फाटला. पलीकडं टोक उन्हात न्हाऊन उभं होतं. त्यामागं समुद्र चकाकत होता. वळशाची वाटही थोडीच उरली होती. नवऱ्यानं टोकाकडं पाहिलं, मग बापाच्या रक्ताळलेल्या तळव्यांकडं.

"परत," तो म्हणाला, आणि समुद्राकडं पाठ फिरवली.

उतरताना हाल कुत्रा खाईना. नवऱ्याचा भार तिच्या खांद्यावर, आबांचा हात ठमीच्या हातात. ढग पुन्हा दाटला. वाट दोनदा हरवली, पुन्हा सापडली. उभं राहवेना तिथं ते बसून घसरले. अखेर पायाखाली डांबर लागलं आणि खडी वाहणारा एक ट्रक त्यांना पाहून करकचून थांबला.

ट्रकच्या हौद्यात बसल्यावर नवऱ्याला दिसलं, तिची मूठ अजून वळलेलीच होती. आत चादरीचा फाटका तुकडा. त्यानं तिचं एकेक बोट हळूच उलगडलं.

"सोड आता," तो म्हणाला. "सगळे आहोत."

तेव्हा कुठं ती ढसाढसा रडली.