उभ्यानं घेतलेला चहा

असा कसा हो पोरगा? मुलगी बघायला यायचं आणि बूड टेकायचं नाही!

सूरतेजवळच्या उधन्यात, त्या एवढ्याशा खोलीत धनश्रीच्या आईनं, धुरपदाबाईंनी, खाटेवर नवीकोरी गोधडी अंथरली होती. पाहुण्याचे मामा, रामदास, तिच्यावर ऐसपैस बसले. आणि नवरदेव? योगेंद्र नाव, लूमखात्यात, म्हणजे कापडाच्या मागांवर, कारागीर, उन्हानं रापलेला, उंचापुरा. तो आपला चौकटीला टेकून उभा.

"बसा ना," धुरपदाबाई म्हणाल्या.

"नको... बरा आहे इथं."

चहासुद्धा उभ्यानं घेतला मेल्यानं! धनश्रीनं कपबशी पुढं केली तेव्हा त्याची नजर एकदाच वर आली. बशी किणकिणली. त्या नजरेत नकार नव्हता, हे तिनं शपथेवर सांगितलं असतं. पण गल्लीतली खानदेशी माणसं रीत जाणून होती. बघायला आलेल्यानं उभ्यानं चहा घेतला, की स्थळ मोडलं. तोंडानं नाही म्हणायला नको म्हणून ही सोय.

"बसाले लाज वाटस का त्याले? गोधडीले काटा व्हतात का?" पाहुणे जाताच धुरपदाबाई कडाडल्या. "नकार शे, बाई. ईषय संपना."

विषय संपला, धनश्रीचं मन मात्र जागेवर येईना. शेजारच्या खात्यातले लूम रोजच खडखडायचे, त्या दिवशी ते छातीत खडखडत होते. साडीला टिकल्या चिकटवायला बसली, तर एका फुलाला पाकळ्या जास्त, दुसऱ्याला कमी. उठली, पाणी प्यायली, परत बसली. नाही म्हणणारा माणूस असं बघतो होय?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साड्यांचं गाठोडं दुकानात टाकायला निघाली, तर बाजाराच्या कोपऱ्यावर समोर तोच! हातात सायकल. चांगली धडधाकट, हवा भरलेली सायकल, आणि हा तिला म्हशीसारखी हाताशी धरून चालवतोय.

"सायकलीवर बसायचीही लाज वाटते वाटतं?" धनश्रीच्या तोंडून निघून गेलं.

तो दचकला. मग कानापर्यंत लाल झाला. "लाज नाही हो... बसवतच नाही."

"म्हणजे?"

"आमचं सायकल मंडळ आहे. सूरतेहून सापुतारा, घाट चढून वर, आणि न झोपता परत. परवाच आलो. आता... कुठं कुठं सोललंय, ते तुम्हाला कसं सांगू?"

धनश्रीनं पदर तोंडावर दाबला, तरी हसू बाहेर पडलंच. भाजीवाल्या माना वळवून बघायला लागल्या.

"मग काल बोलायला काय झालं होतं?"

"मामा म्हणाले, सायकलीचं नाव काढशील तर येडा समजतील."

"आणि आता काय समजले? घरात नकार समजलाय तुमचा!"

त्याचा चेहरा असा उतरला की तिचं हसू जागीच थांबलं. "नकार? मी? अहो, ती कपबशी परत देववत नव्हती मला..."

ती गाठोडं या हातातून त्या हातात करत राहिली. "कशासाठी हो एवढी तडफड? बक्षीस मिळतं का?"

"नाही. दिवसभर लूमसमोर उभा असतो. सगळं फिरतं, मी एकाच जागी. मग वाटतं, एकदा चाकं माझ्या पायांनी फिरावीत. बारडोलीजवळ साखर कारखान्याच्या मळीचा वास येतो, पुढं घाटात बांबू करकरतात... बाकीचे वर पोचले की आडवे होतात. मी वळतो."

"का?"

"परत यायची घाई असते मला."

धनश्रीच्या थोरल्या बहिणीशी, वत्सलाशी साखरपुडा झालेला माणूस प्लेगच्या साली सगळ्यांसारखा सूरत सोडून पळाला. 'येतो' म्हणाला होता. गावी दुसरीशी लग्न करून बसला. तेव्हापासून त्या घरात पायाला भिंगरी असलेल्या माणसाचं नाव निघत नसे. आणि हिला आवडला तो नेमका हाच!

"चला," ती म्हणाली. "मायला स्वतः सांगा. सगळं."

"सगळं?"

"कुठं सोललंय तेसुद्धा."

घरी येऊन त्यानं सांगितलं. मान खाली घालून, अडखळत, एक शब्द न गाळता. धुरपदाबाईंनी आधी डोळे वटारले, मग भिंतीकडं तोंड फिरवून खांदे हलेपर्यंत हसल्या. मग मात्र आवाज कोरडा झाला.

"जानारा मानूस शे तू. मनी एक पोर वाट पाहीसन सुकनी. दुसरी देऊ का?"

"मी परत येतो, मावशी," योगेंद्र म्हणाला.

"मले नको सांगू. जिले नांदनं शे, तिले इचार."

तो वळला. धनश्री चुलीपाशी उभी होती. गाल तापले होते, पण मान ताठ होती.

"ऐका," ती म्हणाली. "मामाचं ऐकून मुकाट राहिलात, म्हणजे अक्कल बेताची. कातडं सोलवून घ्यायचा शौक, म्हणजे वेड पुरतं. पण लाज सोडून खरं बोललात. लांब जाणाऱ्याचा मला राग नाही, न सांगता जाणाऱ्याचा आहे. जायचं तर मला सांगून जायचं, आणि आल्यावर आधी माझ्या दारात यायचं. बाकी... तुम्ही मला पसंत आहात."