ठोकळा कोणी धरला?

ही गोष्ट रचायचीच असती तर मी रात्र घेतली असती. अमावास्या घेतली असती, एखादी विहीर घेतली असती.

पण ही घडली भर दुपारी. मागच्या वर्षीच्या मे महिन्यात, गुरुवारी, सव्वादोनच्या सुमाराला. काष्टीच्या बाहेर श्रीगोंद्याच्या रस्त्याला एक जुनं पोल्ट्रीचं शेड आहे, तिथं.

जिच्याबाबतीत घडली ती माझी मावसबहीण, ज्ञानेश्वरी. बाई साधी, कष्टाची, पन्नाशीला आलेली. भुताखेतांवर विश्वास ठेवायला तिला कधी वेळच मिळाला नाही. आयुष्यात ती एकदाच खोटं बोलली. ते पुढं येईलच.

लोकांचे नवरे पत्ते खेळतात. हिच्या नवऱ्यानं विमान आणलं.

खरंच. अजिनाथ नगरच्या एमआयडीसीत फिटर होता. कुठल्याशा मासिकात त्यानं वाचलं की दोन माणसांचं छोटं विमान सुट्ट्या भागांत मिळतं आणि घरी जोडता येतं. झालं. परदेशातून लाकडी खोकी आली. कोंबड्या रोगानं गेल्यापासून शेड रिकामंच होतं. तिथं त्यानं विमान मांडलं. नऊ वर्षं मांडलेलंच होतं.

शेजारच्या वस्तीवरची कडूबाई येता-जाता विचारायची, "अजिनाथ, घातलं का रं अंडं तुझ्या विमानानं?"

तो हसायचा. ज्ञानेश्वरी हसायची नाही. कारण त्या विमानात तिचा उजवा खांदा गेला होता.

त्याचं असं आहे. विमानाचा पंख म्हणजे आत पोकळ, वरून पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा. पत्रा बसतो रिव्हेटवर. हजारो रिव्हेट. आणि एक रिव्हेट मारायला दोन माणसं लागतात. बाहेरचा माणूस हवेची गन दाबतो. आतला माणूस रिव्हेटच्या शेपटीला लोखंडाचा ठोकळा लावून धरतो. गननं ठोकलं की शेपूट ठोकळ्यावर दबते आणि बटणासारखी गोल बसते. ठोकळा नसेल तर रिव्हेट नुसता नाचतो. बसत नाही.

पंखात हात घालायला एक गोल भोक असतं. अजिनाथचा हात त्यातून जायचा नाही. ज्ञानेश्वरीचा जायचा. म्हणून गन त्याची, ठोकळा हिचा. नऊ वर्षं.

गनच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही. म्हणून खूण ठरलेली. आतल्या माणसानं ठोकळ्यानं पत्र्यावर वाजवायचं.

एकदा टक्... अजून ठोक.

दोनदा टक् टक्... चांगला बसला, पुढचा घे.

तीनदा... वाकडा गेला, काढून टाक.

वाजवणार तो आतलाच. बाहेरच्यानं कधी वाजवायचं नाही.

आणि रोज काम संपलं की अजिनाथ वहीत लिहायचा. तारीख, काय केलं, कोणी केलं. परवानगी देणारे साहेब ती वही तपासतात. वहीत नाही ते काम झालंच नाही, असा हिशेब. प्रत्येक पानाच्या तळाशी एकच ओळ असायची. 'गन: मी. ठोकळा: ज्ञानू.'

मग एके दिवशी अजिनाथ जेवून आडवा झाला आणि उठला नाही. चौपन्नाव्या वर्षी.

उजव्या पंखाची शेवटची रांग तेवढी राहिली होती. चौदा रिव्हेट.

दीड वर्ष कोणी शेडकडं फिरकलं नाही. मग धाकट्या दिराचा, चेतनचा, पुण्याहून फोन आला. तो कॉलेजात शिकवतो आणि हौस म्हणून विमान चालवायला शिकलाय. म्हणाला, दादाचं काम मी पुरं करतो. शनिवारी येतो, वहिनी ठोकळा धरतील, मी गन धरीन. रविवारी टेम्पोत घालून धावपट्टीवर नेऊ. कागदपत्रं झाली की आधी मी एकटा उडवीन, मग माझ्या निकिताला शेजारी बसवीन.

निकिता त्याची लेक. अकरा वर्षांची. मोठ्या काकांच्या विमानात बसायचं म्हणून तिनं वर्गात सगळ्यांना सांगून ठेवलेलं.

ज्ञानेश्वरी हो म्हणाली. शेड रिकामं होईल, एवढंच तिला दिसत होतं. ती दमली होती. माणूस गेल्यानंतरचं दमणं झोपेनं जात नाही.

गुरुवारी ती झाडायला गेली. त्या आठवड्यात शेतीची लाईट दिवसा होती. तिनं कॉम्प्रेसर चालू होतो का पाहिलं. झाला.

गन खुंटीला होती. नऊ वर्षांत तिनं ती एकदाही हातात घेतली नव्हती. तिला वाटलं, बघू तरी, हा माणूस एवढा कशाला भाळला होता.

उजवा पंख टेबलावर होता. तिनं रांगेतल्या पहिल्या भोकात रिव्हेट घातला. गन टेकवली. ठोकळा धरायला कोणी नाही, रिव्हेट नाचणार, हे तिला ठाऊक होतं. नाचू दे म्हणाली.

दाबली.

र्रर्रर्र...

आणि आतून...

टक् टक्.

ती तशीच उभी राहिली. पत्रा तापला असेल. पाल असेल. पाली असतातच शेडमध्ये.

तिनं बॅटरी घेतली. भोकातून आरसा घातला.

रिव्हेटची शेपूट दबलेली होती. गोल. बटणासारखी. तिच्या हातानं कधी इतकी नीट बसली नव्हती.

आत कोणी नव्हतं. ठोकळा बाकावर होता, फडक्यात गुंडाळलेला.

कोणीही पळालं असतं. तिनं दुसरा रिव्हेट घातला.

मी तिला नंतर विचारलं, अगं, भीती नाही वाटली? तर म्हणाली, "वाटली की गं. पण दीड वर्षानं कुणीतरी माझ्यासंगं काम करत हुतं."

र्रर्रर्र... टक् टक्.

र्रर्रर्र... टक् टक्.

पाचव्या रिव्हेटपासून ती बोलायला लागली. जेवून कोणी असं जातं का, म्हणाली. बोअरची मोटर जळाली ते सांगितलं. कडूबाईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं ते सांगितलं. खांद्याचं सांगितलं, जे नऊ वर्षांत सांगितलं नव्हतं. आता कळलं का ठोकळा धरणं काय असतं, असंही ऐकवलं.

उत्तर एकच यायचं. टक् टक्.

चौदाही झाले. तिनं गन खाली ठेवली. डोळे पुसले.

तेवढ्यात लाईट गेली. कॉम्प्रेसर बंद पडला. शेड एकदम गप्प झालं. बाहेर वारा नव्हता. चिमणीसुद्धा नव्हती.

आणि मग...

टक्.

टक्.

टक्.

तीन.

हा आवाज टेबलावरच्या पंखातून आला नव्हता. तो तिच्या पाठीमागून आला होता. भिंतीशी लाकडी स्टँडवर उभा केलेल्या डाव्या पंखातून. सहा वर्षांपूर्वी बंद केलेल्या, चादरीनं झाकलेल्या.

ती हळूच वळली.

पुन्हा तीन.

आता ते खोटं सांगते.

सहा वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातच, डाव्या पंखाची मागची रांग चालू होती. उकाडा मरणाचा. तिचा खांदा पेटला होता. घरी पाहुणे येऊन बसलेले. एक रिव्हेट वाकडा बसला. तीनदा वाजवलं तर तो काढायचा, पुन्हा मारायचा, अर्धा तास गेला. तिनं दोनदा वाजवलं. पुढचाही वाकडा. पुन्हा दोनदा. असे नऊ रिव्हेट. अजिनाथनं आत आरसा घालून पाहिलं नाही. पाहील कशाला? आत ज्ञानू होती.

तिनं हे कोणाला सांगितलं नाही. पंख उडायचाच नव्हता, तर काय बिघडतं, असं मनाला समजावत राहिली.

आता उडणार होता. शेजारी निकिता बसणार होती.

ती शेडबाहेर आली तेव्हा चार वाजले होते. चादरीखालून अजून वाजत होतं. घाई नाही, राग नाही. तीन. थांबून परत तीन.

शनिवारी चेतन आला. तिनं त्याला चहासुद्धा दिला नाही. आधी सांगितलं. आवाजाचं नाही, फक्त खोट्याचं सांगितलं.

"भाऊजी, डाव्या पंखात नऊ रिव्हेट वाकडे हायेत. मला ठावं हुतं. मी चांगले म्हनून वाजवलं."

चेतन म्हणाला, "वहिनी, हे विमान उडाल्यावर कळलं असतं तर..." आणि वाक्य सोडून दिलं. निकिताचा फोटो त्याच्या मोबाईलवर पुढंच होता. तो त्यानं पालथा ठेवला.

त्याच्याकडं वायरीला लावलेला बारीक कॅमेरा होता. तो त्यानं डाव्या पंखाच्या भोकातून आत सोडला. दोघं मोबाईलकडं बघत राहिली. मागची रांग आली. ज्ञानेश्वरीला जागा पाठ होती. सहा वर्षं ती जागा तिच्या स्वप्नात येत होती.

पहिला रिव्हेट... गोल.

दुसरा... गोल.

नऊच्या नऊ गोल.

चेतननं बाहेरून पत्र्यावर बोट फिरवलं आणि हसला. म्हणाला, हे नऊ बदललेत. बघा, यांची डोकी बाकीच्यांपेक्षा एक नंबर मोठी आहेत. रिव्हेट काढून परत मारायचा तर भोक मोठं होतं, मोठाच घालावा लागतो.

"दादाला कळलं होतं, वहिनी. त्यानं तुम्हाला न बोलता काढून परत मारले."

ज्ञानेश्वरी मटकन खाली बसली आणि रडली. सहा वर्षांचं ओझं होतं ते. नवऱ्याला कळलं होतं, आणि तो एका शब्दानं बोलला नव्हता. तो तसाच होता.

चेतननं मग उजवा पंख पाहिला. चौदा रिव्हेट बघून म्हणाला, हे कधी झाले? ती म्हणाली, गुरुवारी, मी केले. त्याला वाटलं असणार, कोणालातरी बोलावलं असेल. म्हणाला, वहीत लिहा, नाहीतर साहेब हे काम धरणार नाहीत.

तिला लिहायचा सराव नाही. अजिनाथ कसं लिहायचा ते बघायला तिनं वही मागं चाळली. 'गन: मी. ठोकळा: ज्ञानू.' 'गन: मी. ठोकळा: ज्ञानू.' पानामागून पान.

मग एक पान आलं.

'डावा पंख, मागची रांग. ९ रिव्हेट काढून नवे. सगळे चांगले बसले.'

खाली तारीख. त्या आठवड्यात ती घोडेगावला माहेरी होती. भावाला मुलगा झाला होता, म्हणून. तारीख चुकायचं कारणच नव्हतं.

तळाची ओळ होती...

'गन: मी. ठोकळा:'

पुढं काही नाही. नुसता शाईचा मोठा ठिपका. पेन तिथं टेकवून कोणीतरी बराच वेळ बसल्यासारखा.

तिनं ते पान चेतनपुढं धरलं. तुम्ही आला होता का, विचारलं. तो तेव्हा बंगलोरला होता. गावात कोणाला हे काम येत नाही. आणि त्या भोकातून तिच्याशिवाय कोणाचा हात जात नाही.

मग गुरुवारचं सगळं तिनं त्याला सांगितलं. तो हसला नाही. उठला, पंखाजवळ गेला, हात लावायला पुढं केला...

आणि मागं घेतला.

रविवारी टेम्पो आला होता. चेतननं तो रिकामाच परत पाठवला. निकिताला काय सांगितलं, ते मला माहीत नाही. त्या विषयावर तो आता फोन करत नाही.

नऊ रिव्हेट चांगले होते. तरी तीन वेळा का वाजलं? कशाला काढून टाक म्हणत होतं? दोघांनी दोन्ही पंख इंच इंच तपासले. एकही वाकडा सापडला नाही.

विमान अजून शेडमध्ये आहे.

परवा मी गेले तेव्हा ज्ञानेश्वरीनं मला वही दाखवली. तिचं पान तिनं लिहिलंय, वळणदार, शाळेतल्या मुलीसारखं. 'उजवा पंख, शेवटची रांग. १४ रिव्हेट. गन: ज्ञानू. ठोकळा:'

पुढं कोरं.

मी म्हटलं, लिही ना अजिनाथ. बरं वाटेल तुला.

तिनं वही मिटली. बाहेर ऊन होतं, तरी पदर अंगाभोवती घट्ट घेतला.

"आमचे हे तर त्या टायमाला जित्ते हुते, रेश्मे," ती म्हणाली. "बाहेर हुते, गन धरून. मग त्यांच्यासाठी आत कोन हुतं?"

ती शेडकडं बघत होती.

"अन् मी त्याला माझा मानूस समजून सगळं सांगत बसले गं. घरातलं. तासभर."