उजव्या खांद्यावरचा ठिपका

आधीच सांगून ठेवतो, या गोष्टीवर कुणाचाही विश्वास बसणार नाही. माझाही तिसऱ्या पेल्यानंतरच बसतो. तेव्हा ओता! म्हातारी मागे मासे साफ करतेय, तोवर उरकून घेऊ.

आपल्या या शाओशिंगमध्ये फान बोयान नावाचा सुलेखनकार होता. काय देखणा गडी! त्याने कुंचला उचलला की कालव्यातल्या होड्या थांबायच्या. त्याच्या मोठ्या कुंचल्यासाठी अख्खा कळप भादरला होता आणि शाई ढवळायला नावाडी बोलवावा लागे. पण पोरींसमोर त्याची जीभ मात्र... टाळूला चिकटायची. रागावला तरच सुटायची.

एका सकाळी तो बागेतल्या फरशीवर पाण्याने अक्षरं काढत होता. तेवढ्यात एक मुलगी गिरक्या घेत उलटी आली आणि ओल्या अक्षरावरून सर्रकन घसरत गेली.

"अहो बाई! अक्षरावर पाय!"

"अक्षर होतं?" तिने तळवा उचलून पाहिला. "मला वाटलं, कुणाची तरी बादली लवंडली."

बोयान तोंड उघडणार, तोच त्याची नजर खाली गेली. तिच्या पायाने ओढलेली ती रेघ... त्याच्या रेघेपेक्षा जिवंत होती! राग विरघळला — आणि जीभ पुन्हा चिकटली.

तिचं नाव सू मियाओ. नाव मांजराचं, नखंही मांजराचीच. नव्या धर्तीचा नाच करायची. ना घुंगरू, ना पंखा, नुसतं अंग आणि वारा. दोघांनी मिळून एक प्रयोग ठरवला. रंगमंचभर कागद अंथरायचा, त्याने लिहायचं आणि तिने त्याच्या कुंचल्याबरोबर नाचायचं.

तालीम बागेतच, पाण्याने. ती हात पसरून, पाय फाकवून उभी राहायची. 'दा' हे अक्षर हुबेहूब तसंच दिसतं. दा म्हणजे मोठा. तो तिच्याकडे बघत ते काढायचा. बघण्यातच जास्त वेळ जायचा.

"झाला मोठा?" म्हणत ती अक्षराच्या उजव्या खांद्यावर ओला अंगठा टेकवायची. तिथे एक ठिपका पडला की 'मोठा'चं अक्षर 'कुत्रा' होतं! "घे, घरी नेऊन बांध."

"ठिपका खाली दिला असता... दोन पायांच्या मध्ये... तर—"

"तर 'थाय' झालं असतं. 'अती'. म्हणजे तू! अती हळू, अती गप्प."

"आणि... शेजारी शेजारी दोनदा लिहिलं तर?"

ती थांबली. थायथाय म्हणजे बायको, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

"तर काय?" तिने हळूच विचारलं.

"तर..." बोयानने कुंचला बादलीत बुडवला. "तर पाणी जास्त लागेल."

फरशीवरचं अक्षर वाळून गेलं. तिचा चेहराही.

मग ग्वांगझोहून तिला मोठ्या नृत्यपथकाचं बोलावणं आलं. प्रयोगाच्या दुसऱ्याच सकाळची गाडी. पडदा उघडण्याआधी तिने विचारलं, "बोयान, मी उद्या जातेय. काही सांगायचंय?"

"हो..." तो म्हणाला. "छत्री ने. तिकडे पाऊस फार."

पडदा उघडला. काय नाचली ती! त्याने दोन भलेमोठे 'दा' काढले, एक आभाळासाठी, एक धरतीसाठी. प्रयोग तिथेच संपायचा होता. पडदा खाली येऊ लागला. मियाओ दोन्ही अक्षरांच्या मध्ये उभी, नजर त्याच्यावर. आता नाही, तर कधीच नाही...

आणि मंडळी, आपला बोयान वाघासारखा झेपावला! हवेत कोलांटी मारली, कुंचला फिरवला, आणि दोन्ही अक्षरांच्या पायांमध्ये — टप! टप! थायथाय! टाळ्या अशा पडल्या की छपराची कौलं उडाली, एक तर अजून सापडलेलं नाही—

"साफ खोटं!"

मागे म्हातारी उभी. हातात सुरी, कोपरापर्यंत खवले.

"कोलांटी म्हणे! ए म्हाताऱ्या, तू नुसता माझ्याकडे बघत होतास. कुंचला निघाला होता उजव्या खांद्याकडे. भर सभेत मला कुत्रा-कुत्रा लिहिणार होतास! ते दोन्ही ठिपके मी दिले, माझ्या पायाच्या अंगठ्याने!"