कानाजवळचे केस

अंत्यविधीगृहाच्या मागच्या दारात दोघांची टक्कर झाली. व्हर्निटाच्या हातात तेलाची डबी आणि केस सरळ करायची लोखंडी फणी, थॅडियसच्या हातात वस्तरा.

"तू इथे?"

"म्हातारे बूकर गेले ना... शेवटची दाढी. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नसता त्यांनी." मग तो हळूच म्हणाला, "आणि तू... मिस अर्लीनसाठी."



अमेरिकेतल्या मेम्फिसच्या त्या रस्त्यावर केसांची दोन दुकानं भिंतीला भिंत लावून उभी होती. एक थॅडियसचं, पुरुषांचं. दुसरं मिस अर्लीनचं, बायकांचं. तिथेच व्हर्निटा हे काम शिकली. भिंतीपलीकडून रोज टोमणे चालायचे.

"ए, तुझ्या फणीच्या धुराने माझं गिऱ्हाईक शिंकतंय!"

"शिंकू दे! तेवढाच तुझ्या तोंडाला आराम!"

आज मात्र टोमणा कुणीच मारला नाही.

मिस अर्लीनने जाताना एकच मागणं मागितलं होतं, "परक्या हातात माझे केस देऊ नकोस, पोरी. लोक मला शेवटचं बघतील, ते नीटनेटकं बघू देत." दुपारी सगळं चर्च दर्शनाला येणार होतं.

व्हर्निटाने शेगडीवर फणी तापवली, कागदावर टेकवून पाहिली. कागद करपला नाही. कपाळावरचे दाट, कुरळे केस फणीखाली रेशमासारखे सरळ होत गेले. मग ती कानाजवळ आली आणि सवयीने बोलून गेली,

"कान धरा, मिस अर्लीन."

भाजू नये म्हणून खुर्चीत बसलेली प्रत्येक बाई तेवढ्यापुरता आपला कान दुमडून धरते. लहान मुलीसुद्धा धरतात. आज धरणारं कुणी नव्हतं... व्हर्निटाला रडू कोसळलं.

दारातून आवाज आला, "मी धरू?"

"भाजेल तुला. माझा हात थरथरतोय."

"थरथरू दे."

थॅडियसने पाकळी दुमडावी तसा तो थंड कान दुमडून धरला. फणी फिरली. एकदा तिचे दाते त्याच्या बोटाला लागले, पण तो हलला नाही. शेवटची बट बसल्यावरच तिला तो लाल चट्टा दिसला.

"वेडा आहेस का? सोडला का नाहीस?"

"सोडला असता तर त्यांना भाजलं असतं."

"त्यांना आता..."

"माहीत आहे मला. तरीपण."

तिने डबीतलं तेल त्याच्या बोटाला लावलं. चोळून झालं, तरी बोट हातातच राहिलं.

"तुझे केस कोण करायचं?" त्याने विचारलं.

डोक्याचा रुमाल सावरत ती म्हणाली, "मिस अर्लीनच."

"मला फणी चालवता येत नाही, व्हर्निटा. पण आरशासमोर बसून तू चालव... कान मी धरतो. आज, उद्या... तू म्हणशील तोवर."

बाहेर पहिली गाडी थांबल्याचा आवाज आला. तिने मिस अर्लीनच्या कानाजवळची बट पुन्हा एकदा बोटाने सारखी केली.

"गप्प बसून धरायचा मात्र."

"अगदी गप्प?"

तिने तेलाची डबी मिटली. "...थोडं बोललास तरी चालेल."